ऑगस्टात शेवळं मागायला गेलेली आई

आईने सकाळीच दोन कापडी पिशव्या घडी करून दाराशी ठेवल्या होत्या. एक भाज्यांची आणि दुसरी शेवळांची, म्हणजे पहिल्या पावसात येणाऱ्या रानभाजीची. "खाजरी असतात, बाकीच्या भाज्यांत नको." ऑगस्टचा दुसरा आठवडा चालू होता. शेवळं ऑगस्टात मिळत नाहीत एवढं मलाही माहीत आहे. पण ठाण्यात रानभाजी महोत्सव असल्याचा निरोप तिच्या भिशीच्या ग्रुपवर फिरला होता, आणि महोत्सव म्हटल्यावर सगळं असणारच, असा तिचा हिशोब होता.

आईचं माहेर ठाण्यातलं, चरईतलं. घर सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं. ज्यांचा या जमातीशी संबंध आला नाही त्यांना शेवळांचं वेड समजावणं अवघड आहे. मृगाच्या आगेमागे पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून हा जांभळट-तपकिरी दांडा वर येतो, दोन-तीन आठवडे मिरवतो आणि संपतो. तेवढ्यात ज्याने खाल्ली त्याने खाल्ली. कोळंबी घालून, सोडे घालून, खिमा घालून, नाहीतर 'कणी' म्हणून नुसतीच. आई लहान असताना डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका दारावर यायच्या. लग्न होऊन ती वाशीला आली, पुढे आम्ही नेरुळला आलो, आणि शेवळं म्हणजे मामाने ठाण्याहून पाठवली तर, असं झालं. मामा गेल्यापासून तेही नाही.

नेरुळहून ठाणे लोकल पकडली. रविवार असल्याने बसायला जागा होती. घणसोली, रबाळे करत गाडी निघाली की उजव्या हाताला पारसिकचा डोंगर दिसत राहतो. एरवी धुळकट, पण पावसाळ्यात डोळे निवतील असा. आईचं लक्ष मात्र डोंगराकडे नव्हतंच, रुळांच्या कडेला होतं. "हा बघ टाकळा. हा पण टाकळा. केवढा माजलाय!" टाकळा तसा कुठेही उगवतो. पण या पट्ट्यात नाल्याच्या पाण्यावर वाढलेली भाजी किती जणांच्या ताटात जाते ते बघून मी रुळांकडची कुठलीच भाजी खायची नाही असं ठरवून टाकलंय. आईला म्हटलं तर म्हणाली, "मग दादरला स्वस्त मिळाली म्हणून आणतोस ती कुठली असते?" दिघा गाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उतरून पश्चिमेला यायचं म्हणजे सगळा पूल तुडवायचा. बाहेर पाऊस. रिक्षा नाही. गोखले रोडवरून छत्री सांभाळत नौपाड्यातल्या त्या हॉलपर्यंत पोचलो तेव्हा आईच्या चपला भिजून चपचप वाजत होत्या आणि ती खुशीत होती. दर दहा पावलांना इथे आधी काय होतं ते मला ऐकावं लागत होतं.

हॉल छोटा, गर्दी मोठी. मुरबाड आणि शहापूरकडच्या बचत गटांच्या बायका दोन रांगांत बसलेल्या, पुढ्यात टोपल्या, टोपल्यांवर लॅमिनेट केलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्या लावणाऱ्याने घाई केली असावी, कारण कुर्डूवर 'टाकळा' लिहिलं होतं आणि टाकळ्यावर काहीच नव्हतं. भिंतीवर प्रत्येक भाजीचे औषधी गुण सांगणारे फलक. ते सगळे खरे मानले तर नौपाड्यातल्या निम्म्या डॉक्टरांना दवाखाने बंद करावे लागतील. मधुमेहावर गुणकारी नाही अशी एकही भाजी मला सापडली नाही.

आई पहिल्याच टोपलीशी थांबली. "शेवळं आहेत का हो?"

टोपलीमागची मावशी साठीच्या आसपासची, कपाळावर गोंदलेलं. तिने आईकडे असं बघितलं, जसं आपण दिवाळीत हापूस मागणाऱ्याकडे बघू. "शेवलं? ती कवाच गेली, बाय. आता पुढल्या सालाला."

"पण महोत्सव आहे ना?"

"तो आज हाय. शेवलं जेठात व्हती."

गंमत म्हणजे तारखेचं गणित मला ठाऊक होतं. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यांत याच सुमारास भरतात, कारण ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. १९८२ साली त्या तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक जिनिव्हात झाली, म्हणून १९९४ साली तो दिवस ठरवला गेला. तिथे शेवळांचा हंगाम विचारणार कोण? हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग दोनदा भरवायचा," आणि तिथेच फतकल मारून बसली.

मग जे झालं त्यासाठी मी हे लिहितोय. आईने फोडशीची जुडी उचलली आणि मावशीने ती तिच्या हातातून काढून घेतली. "ही नको. ही जून." फोडशी दिसते गवतासारखी; लांब हिरवी पाती, बुडाशी पांढरी. मावशीने दुसरी जुडी घेतली, एक रोप बाजूला काढलं, पानं दोन्हीकडे फाकवली आणि मधला कडक दांडा नखाने उचकटून फेकून दिला. टक्क असा बारीक आवाज झाला. पानांच्या बेचक्यात लाल माती अडकली होती ती अंगठ्याने पुसून दाखवली. "हितं माती ऱ्हाते. तीन पाण्यातून काढायची. नाय तर दाताखाली येती, मग म्हणाल मावशीनं फसवलं." जुडीला मुळं नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "मूळ कशाला? कंद खाली ऱ्हायला पायजे. तो उपटला तर पुढं काय उगवंल?"

फोडशीच्याच कुळातली सफेद मुसळी बाजारात शक्तिवर्धक म्हणून विकली जाते, ती मुळांसाठीच. तिच्या शास्त्रीय नावात 'बोरिव्हिलियनम' आहे ते आपल्या बोरिवलीवरून. म्हणजे येऊरच्या डोंगरापलीकडचीच. हे मी मावशीला सांगून भाव खायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दादा, किती जुड्या देऊ?"

आईने फोडशी वीसला एक या भावाने घेतली (वीसला दोन मागून झाल्यावर), भारंगीचा पाला घेतला, करटोली घेतली. करटोलीचा भाव ऐकून मी दचकलो, पण वेल लावून बघितलेल्याला तो पटतो. तिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. नुसता नर लावून बसलात तर फुलं मोजत राहाल. टाकळा मावशीने विकायलाच नकार दिला. "आता कडू झाला. शेंगा धरतील." शेजारची दुसरी बाई मात्र तोच टाकळा विकत होती आणि लोक घेत होते. या दोघींमध्ये थोडी बोलाचाली झाली. त्यातलं मला अर्धंच कळलं, आणि ते अर्धं इथे लिहिण्यासारखं नाही.

पलीकडे पाककृती स्पर्धा होती. शहरातल्या हौशी मंडळींनी कुर्डूचे मोमो, फोडशीचा पिझ्झा आणि भारंगीचं पेस्तो मांडलं होतं. पेस्तोवर काजू भुरभुरलेला. मी चाखून बघितलं. काजू छान होता. बक्षीस कोणाला मिळालं ते बघायला थांबलो नाही, कारण जेवणाच्या काउंटरवर नागलीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि खुरासणीची चटणी मिळत होती, आणि रांग वाढत होती. भाकरी तव्यावरून थेट द्रोणात येत होती. कुर्डूत फक्त लसूण, मिरची, मीठ. मी दुसरी भाकरी घेतली, मग तिसरी.

जेवून परत आलो तर आई मावशीच्या शेजारी, टोपलीमागे बसलेली. दोघी बोलत होत्या. आई विचारत होती, भारंगी कशी करायची. पाला चिरून उकडायचा, पिळून कडू पाणी टाकून द्यायचं, मग कांद्यावर परतून कडवे वाल नाहीतर मुगाची डाळ घालायची. आई म्हणाली, "तेल जरा सढळ लागत असेल?"

"आता घालतो," मावशी म्हणाली. "आमच्या सासूच्या टायमाला तेल कुठलं? लावणी उरकली की कणगीत दाणा नसायचा. भात येतंय दिवाळीला. तवर हेच. उकडायचं, मीठ टाकायचं, खायचं. पोरं रडायची, रोज रोज हेच म्हणून." मग माझ्या हातातल्या द्रोणाकडे बघून हसली. "तुमाला आवडलं का?"

मी तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. हो म्हटलं.

परतताना स्टेशनबाहेर, पुलाच्या पायऱ्यांशी, प्लॅस्टिक अंथरून अशाच चार बायका बसल्या होत्या. कसाऱ्याकडून पहाटेच्या लोकलने येतात, माल संपला की परत. त्यांच्यापुढे चिठ्ठ्या नव्हत्या, फलक नव्हते. तीच करटोली बरीच स्वस्त. आईने माझ्याकडे बघितलं. मी तिकडे न बघता चालत राहिलो. पण चाईच्या वेलाचे कोवळे तुरे दिसले तशी ती थांबली. हॉलमध्ये ते कुठे दिसले नव्हते. घेतले. शेवळांची दुसरी पिशवी रिकामी होती, त्यात टाकले. आणि त्या बाईलाही विचारलंच, "शेवळं कधी आणता हो?"

"पयला पाऊस पडला की आठ दिसांनी या. हितंच असतो. बरोबर काकडं पण देतो." काकडं म्हणजे आंबट फळं, त्यांच्याशिवाय शेवळं शिजवली तर घशाला सुया टोचल्यागत होतं, आणि सुयाच असतात त्या, कॅल्शियम ऑक्सलेटच्या. मी कॉलेजात असताना ऑनलाइन कृती बघून काकडांऐवजी लिंबू पिळलं होतं, आणि आतला पिवळा भाग काढायला विसरलो होतो. दोन दिवस घसा धरून बसलो होतो. आई तो किस्सा त्या बाईला पूर्ण सांगून मगच पूल चढली. बाई इतकी हसली की शेजारणीलाही बोलावून ऐकवलं.

रात्री भारंगी केली. पिळायला कमी पडलो, कडू झाली. आईने न बोलता खाल्ली, मी बोलत बोलत खाल्ली. फोडशी मात्र मूगडाळीत अशी जमली की तव्यावरची खरवडही उरली नाही.

मग आईने चष्मा लावून कालनिर्णय खाली उतरवलं. जूनचं पान उघडून पेन घेतलं आणि थांबली. तो जून होऊन गेलेला होता. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून आलेलं नाही. शेवटी तिने डिसेंबरचं पान उलटलं आणि पाठीमागे, दुधाच्या हिशोबाखाली लिहिलं: 'शेवळं. पहिल्या पावसानंतर आठ दिवस. ठाणे, पुलाच्या पायऱ्यांशी. काकडं मागणे.'