देवराईत क्वाड्रॅट टाकताना: माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टला भीमाशंकरच्या बाजूची एक छोटी देवराई घेतली होती, जंगल किती धडधाकट आहे ते झाडांच्या विविधतेवरून बघायचं. परवानगीचे कागद वगैरे झाले एकदाचे. पद्धत सोपी वाटली, दोरीने १० बाय १० मीटरचा चौकोन (यालाच क्वाड्रॅट म्हणतात) आखायचा, त्यातली सगळी झाडं मोजायची, त्याच्या आत झुडपांसाठी ५ बाय ५ आणि गवत-रोपांसाठी १ बाय १. पण पहिले चार चौकोन वायाच गेले कारण मी उतारावर टेप जमिनीला टेकवून धरला होता, तो आडवा ताणायचा असतो नाहीतर प्लॉट लहान भरतो. सगळे परत केले. खोडाचा घेर १.३७ मीटरवर घ्यायचा, तोही उतारावर वरच्या बाजूने.

सोबत गावातले मामा होते. आत जाताना चप्पल बाहेर, आणि मी नमुन्यासाठी डहाळी धरली तर म्हणाले, "पोरी, हितली काडीबी न्यायची न्हाई." मग फोटोच काढले. पान उलटं-सुलटं, साल, देठ. नावं बरीचशी मामांनीच सांगितली, अंजनी, गेळा, हिरडा, आणि झाडांवरून लोंबणारी मांडीएवढी जाड गारंबी.

शॅनन इंडेक्स, म्हणजे विविधता मोजायचा आकडा, काढला तेव्हा मात्र मी हादरलेच, कारण आतल्या दाट भागाचा आकडा कडेच्या तुटक भागापेक्षा कमी! हा आकडा जाती किती आणि कुठल्या जातीची किती झाडं, एवढंच बघतो. म्हणजे १० जातींची १०-१० झाडं असली तर २.३० येतो, आणि एकाच जातीची ९१ आणि बाकी नऊंचं एकेक असलं तर साधारण ०.५०. आत अंजनीच अंजनी, म्हणून कमी. कडेला घाणेरी, रानमोडी ही बाहेरून येऊन माजलेली झुडपं, उघड्यावरची चार झाडं, म्हणून जास्त. जात कुठली हे त्याला कळतच नाही!

मॅडम म्हणाल्या, उद्याचं जंगल रोपांतूनच येणार, ती मोजलीस का वेगळी? नव्हती. म्हणून पुन्हा गेले, गुडघ्यावर बसून १ बाय १ चे चौकोन बघितले. आत पाचोळा बाजूला केला की अंजनीची दोन-चार पानांची जाड चकचकीत रोपं, हिरड्याची पण. कडेला रानमोडीखाली मोठ्या झाडांचं एकही रोप सापडलं नाही. रिपोर्टमध्ये आता इंडेक्सच्या शेजारी रोपांचा तक्ता टाकलाय, आणि रानमोडी कुठपर्यंत आत आलीये त्याचा नकाशा मामांना काढून दिलाय.