मोटर बंद करा रे कुणीतरी

दुपारचे तीन वाजलेत, मी एका रिसॉर्टच्या स्विमिंग पूलच्या काठी लांब खुर्चीत आडवी पडलेय, अंगावर पांढराशुभ्र जाडजूड टॉवेल, समोर निळं पाणी आणि पाण्यापलीकडे सरळ दरीच, मधे भिंत नाही कठडा नाही काही नाही. मुलांनी आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोन रात्रींचं बुकिंग करून दिलंय आणि निघताना बजावलंय की आई, तिथे जाऊन फक्त आराम करायचा. तर मी तेच करतेय. म्हणजे करायला बघतेय. पण गेला अर्धा तास कानात एक आवाज येतोय, बारीक, सलग, झुळझुळ असा, आणि तो मला पाठ टेकू देत नाहीये. कुठेतरी पाणी वाहून चाललंय.

शेवटी उठून बसले आणि बघितलं तर पूलच वाहतोय. पलीकडचा अख्खा काठ भरून पाणी खाली सांडतंय, मिनिट दोन मिनिटं नव्हे, सकाळपासून. आणि वीस-पंचवीस माणसं त्याच्याकडे पाठ करून सेल्फी काढतायत, एकालाही वाटत नाहीये की पळत जाऊन मोटर बंद करावी.

मला माहितीये हो, याला इन्फिनिटी पूल म्हणतात आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नवऱ्यानेही तेच सांगितलं, डोळे न उघडता. "अगं, ते तसंच असतं." डोक्याला कळतं, पण कानाला कोण समजावणार?

ज्यांच्या लहानपणी गच्चीवर टाकी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. मोटर खाली, टाकी वर, आणि दोघींमधली निरोप्या मी. बाबा खाली बटण दाबायचे आणि मला वर पिटाळायचे. लोखंडी शिडी चढायची, झाकण सरकवायचं आणि आत डोकं घालून बसायचं. आत गारेगार अंधार आणि ओल्या सिमेंटचा वास, तो वास मला अजूनही कुठे आला तर मी दोन मिनिटं तिथेच उभी राहते. पाणी कमी असताना आवाज पोकळ यायचा, घुमायचा, मग जसजसं पाणी चढायचं तसतसा तो वर वर सरकायचा, बाटली भरताना सरकतो तसा. वरची हवेची जागा कमी होत गेली की सूर चढतो हे पुढे शाळेत फिजिक्समध्ये आलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर मला येतं, परीक्षेत टाकीचं उदाहरण दिलं तर चालेल का. काही दिवसांनी तर मी आत न बघता नुसत्या आवाजावरून सांगायचे. पाणी पाइपच्या तोंडाला लागलं की तो एकदम गुळण्या करतो, तेव्हा गच्चीच्या कठड्यावर येऊन ओरडायचं, "भरलीऽऽ!" खालून बाबांचा "हंऽ" आणि मग खट्ट. ते खट्ट ऐकल्याशिवाय खाली उतरायचं नाही असा नियम होता.

एकदाच चुकले. वर जाताना एक पुस्तक घेऊन गेले होते, रहस्यकथा होती आणि शेवटची पंधरा पानं राहिली होती. टाकीच्या सावलीत बसले, आणि नंतरचं म्हणजे माझे पाय ओले झाल्याचं मला कळलं ते खून कुणी केला हे कळल्यानंतर. तोपर्यंत पाणी गच्चीवरून जिन्यात, जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर, आणि गच्चीत कुणीतरी उन्हात टाकलेल्या दोन गाद्या पार भिजलेल्या. त्या गाद्यांवरून जे काय ऐकावं लागलं ते जाऊ दे. बाबा वर आले. मला वाटलं आता बसते एक. त्यांनी एक फडकं माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं आणि आम्ही दोघांनी वरपासून खालपर्यंत सगळा जिना पुसला, न बोलता, तीन मजले. शेवटच्या पायरीवर फडकं पिळता पिळता त्यांनी विचारलं, "पुस्तक चांगलं होतं का?" मी म्हटलं हो. "मग मला दे वाचायला."

बाबांना पुढे पुढे कमी ऐकू यायला लागलं. दाराची बेल ऐकू यायची नाही, फोन तर नाहीच नाही, पण शेजारच्या बिल्डिंगची टाकी वाहायला लागली की अर्ध्या झोपेतून उठून बसायचे. अगदी शेवटी दवाखान्यात होते तेव्हा रात्री मधेच जागे होऊन विचारायचे, मोटर बंद केली का. मी केली म्हणायचे. मग झोपायचे.

असो.

तर मी उठले. पूलवर एक माणूस लांब दांड्याच्या जाळीने पानं गोळा करत होता, त्याला गाठलं. म्हटलं, दादा, हे पाणी जातं कुठे? तो म्हणाला, "कुठंच जात नाही मॅडम." मग मी काही हटत नाही हे बघून त्याने जाळी भिंतीला टेकवली आणि मला बाजूच्या पायऱ्यांनी खाली नेलं, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशा पाटीच्या पुढे.

वरून जिथे आकाश आणि पाणी एक झालेलं दिसतं ना, त्याच्या मागे पुरुषभर उंचीची एक हिरवट भिंत आहे. तिच्यावरून पाणी पातळ पडद्यासारखं घसरत खाली येतं आणि तिच्या पायाशी एक रुंद पन्हळ आहे, त्यात पडतं. पन्हळीत एक केसांचा रबर, लहान मुलाची एक चप्पल आणि बरीच पानं. पन्हळीतून पाणी जातं जमिनीखालच्या टाकीत, टाकीतून पंप ते फिल्टरमध्ये ढकलतो आणि फिल्टरमधून परत वर पूलमध्ये. झालं. एवढीच ती इन्फिनिटी. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. पाणी वाया जात नाहीये, नुसतं फिरतंय. थोडंफार वाफ होऊन जातं, एवढ्या पातळ पडद्याला वारा लागला की जरा जास्तच जातं, ते रोज भरावं लागतं म्हणाला, पण तेवढं चालतं.

मग तो खुलला. म्हणाला की खरं काम पाण्याचं नाहीच, काठाचं आहे. काठ एका बाजूला दोन-चार मिलिमीटर जरी खाली असला तरी सगळं पाणी तिथूनच पडणार आणि उरलेला काठ कोरडा ठणठणीत. मला एकदम भाच्याने पाठवलेला तो सिंगापूरचा फोटो आठवला, मरिना बे सँड्सचा, 2010 साली झालेलं ते हॉटेल, तीन टॉवर आणि त्यांच्या डोक्यावर आडवी होडी ठेवल्यासारखं काहीतरी, त्यात 57व्या मजल्यावर जवळजवळ दीडशे मीटरचा पूल. तिथेही पाणी कडेवरून पडतं ते खालच्या पन्हळीतच, रस्त्यावरच्या लोकांच्या डोक्यावर नाही. आणि त्या पूलच्या खाली म्हणे जॅक बसवलेत, पुढेमागे टॉवर थोडे खचले तर पूल परत लेव्हलला आणता यावा म्हणून. लोक तिथे काठाला रेलून सूर्यास्त बघतात. मी गेले तर जॅक बघायला मागेन.

दुसरी गंमत म्हणजे खालची ती टाकी कायम थोडी रिकामी ठेवावी लागते. वर दहा जण एकदम उतरले की दहा जणांच्या अंगाएवढं पाणी काठावरून खाली येतं, आर्किमिडीज, आणि पंप बंद केला की काठाच्या वरचा पाण्याचा थर सगळाच्या सगळा खाली उतरतो. त्याला जागा नको? मी विचारलं, मग ती टाकी कधी भरून वाहते का? तो जरा हसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "एकदा वाहिली होती. डोळा लागला होता माझा."

मी त्याला गाद्यांची गोष्ट सांगितली.

पाण्यापायी झोप उडणं ही काही माझी एकटीची खोड नाही, फार जुनी आहे. मोहेंजोदारोचं ते मोठं स्नानगृह, बारा मीटर लांब, सात मीटर रुंद, आणि खोली जवळजवळ अडीच मीटर, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. विटा एकमेकींना इतक्या घट्ट बसवलेल्या आणि वर भिंतीच्या पोटात डांबराचा थर. आपण इतिहासाच्या पुस्तकात त्याचं चित्र बघतो आणि लगेच धार्मिक विधी वगैरेंकडे वळतो. मला तो डांबर लावणारा माणूस दिसतो. रोज सकाळी येऊन पातळी बघत असणार, आज किती उतरलंय, कुठून जातंय.

खोलीत परत आले तर बाथरूममध्ये कार्ड. टॉवेल पुन्हा वापरा, पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा. खाली पूल सांडतोय आणि वर मला टॉवेलवरून उपदेश. (आता मला माहितीये की सांडत नाहीये, पण तरी.) या कार्डांवर चक्क संशोधन झालेलं आहे, 2008 साली अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला होता. नुसतं पर्यावरण वाचवा लिहिलं तर साधारण 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, आणि बहुतेक पाहुणे वापरतात असं लिहिलं तर 44 टक्क्यांनी. पुढे त्याहून भारी म्हणजे, याच खोलीत राहून गेलेले बहुतेक पाहुणे वापरतात असं लिहिलं तेव्हा सगळ्यांत जास्त. म्हणजे ज्याला आपण कधी बघितलं नाही, बघणार नाही, फक्त आपल्या आधी त्याच पलंगावर घोरून गेला, त्याची आपल्याला लाज वाटते. मला पटलं. मी टॉवेल दोरीवर टाकला. पलंगावर मात्र टॉवेलचा हंस करून ठेवला होता, तो मोडवेना. काल रात्री त्याला उचलून खुर्चीवर ठेवला, रात्रभर तो आमच्याकडे बघत होता.

संध्याकाळी स्पा. तोही पॅकेजमध्येच. स्पा हे मुळात बेल्जियममधल्या एका गावाचं नाव, तिथल्या झऱ्यांचं पाणी प्यायला आणि त्यात डुंबायला लोक लांबून यायचे म्हणून गावाचं नावच धंद्याला पडलं, फॉर्म्युला वनवाल्या मंडळींना ते गाव वेगळ्याच कारणाने, गाड्यांच्या शर्यतीमुळे, पाठ असतं. तर स्पामध्ये आधी फॉर्म भरायचा, कुठे दुखतं त्यावर खूण करा. माणसाचं चित्र पुढून आणि मागून. मी सुरुवात खांद्यापासून केली आणि थोड्या वेळाने चित्र सगळं भरलं. मग त्या बाकावर पालथं पडून भोकात तोंड घालायचं. खाली बघितलं तर वाडगा, काठोकाठ पाणी, वर एक फूल. नेमकं काठोकाठ. धक्का लागला की सांडणार. त्यातून त्यांनी हळू आवाजात लावलेलं काय, तर ओढ्याचा आवाज. झुळझुळ झुळझुळ. बाई हाताने एकीकडे खांदे सैल करतायत आणि आवाज दुसरीकडून आवळतोय. प्रेशर बरोबर आहे का मॅडम? बरोबर आहे. (बरोबर नव्हतं, पण या प्रश्नाला खरं उत्तर आजवर कुणी दिलंय?) दहा मिनिटं काढली आणि मग भोकातूनच म्हटलं, ते पाणी जरा बंद करता येईल का. त्यांना आधी कळलं नाही. मग बंद केलं. शांतता झाली, आणि त्या शांततेत कोपऱ्यातल्या एसीचं पाणी थेंब थेंब बादलीत पडताना ऐकू यायला लागलं.

बादली किती भरली असेल याचा अंदाज मी आवाजावरून बांधला. अर्धी. म्हटलं वेळ आहे अजून, आणि मग मला झोप लागली.

रात्री दहाला पंप बंद करतात हे त्या दादाने सांगितलं होतं, म्हणून मी दहाला पाच कमी असताना गॅलरीत जाऊन उभी राहिले. नवरा म्हणाला, आता काय? मी म्हटलं, बघ तू. बरोबर दहाला कुठेतरी खाली खट्ट झालं. झुळझुळ हळूहळू बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. काठ बोटभर उघडा पडला आणि तो सगळा देखावा गेला, राहिली नुसती एक मोठी टाकी, चंद्र पडलेली. मी कधी नाही ते "हंऽ" केलं, आणि आत येऊन पडले.

पण मग झोप कसली येतेय. सकाळी सहाला चालू करायचा असतो तो पंप. आणि त्याचा डोळा लागला तर?

सहाला मी गॅलरीत होते. चालू होता.