कोरडे दोन चमचे

बाई हातात पातेलं धरूनच आल्या. मिनिटा-मिनिटाला त्यात लाळ थुंकत होत्या, कारण स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरत नव्हती. अन्ननलिका पूर्ण बंद झाल्याची याहून स्पष्ट खूण नाही. तरी कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअर डॉक्टरने "पाणी पिऊन बघा, उतरेल" म्हणत त्यांना अर्धा ग्लास पाणी पाजलं होतं. त्याचा राग मला अजून येतो. ते पाणी श्वासनलिकेत गेलं असतं म्हणजे?

मी बारा वर्षं एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. घास अडकलेले पेशंट आम्हाला नवे नाहीत. बहुधा मांसाचा तुकडा असतो. फोर्सेप म्हणजे चिमटा, जाळी, स्नेअर म्हणजे तारेचा फास, सगळं मांडून ठेवलं. "काय खाल्लंत?" विचारलं, तर म्हणाल्या, "काहीच नाही सिस्टर, जेवणाआधीच झालं."

भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून सरांनी स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची लवचिक नळी, आत नेला. पडद्यावर भुरकट, बुळबुळीत लगदा, गच्च बसलेला. मांसाचा तुकडा धरता तरी येतो. हा पकडीतून निसटत होता, ओढला की चिमूटभर हाती यायचा. सक्शन लावलं, तर स्कोपची वाहिनी 2.8 मिलिमीटरची, लगेच तुंबली. स्कोप बाहेर, ब्रश मारा, फ्लश करा, पुन्हा आत. पाणी सोडून सैल करावा तर आणखी फुगायचा. शेवटी स्कोपच्या टोकाला पारदर्शक टोपी बसवली आणि तिच्यात ओढून घासघास बाहेर काढला. तासाभराने ट्रेमध्ये जमलेला गोळा मी बोटांत चोळून पाहिला. इसबगोल.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी सांगितलं. भूक मरावी म्हणून दोन्ही जेवणांआधी दोन चमचे, कोरडेच, वर पाण्याचा एक घोट. पाण्यात कालवलं की चिकट होतं, नको वाटतं. शिवाय कुणीतरी सांगितलेलं, की कोरडं घेतलं तर पोटात जास्त फुगतं.

इसबगोलाला मी नावं ठेवत नाही. बद्धकोष्ठतेला ते चांगलं आहे आणि पोट भरल्यासारखंही वाटतं, पण त्याने वजन उतरतंच असं ठामपणे म्हणता येत नाही. मात्र प्रत्येक मात्रेसोबत निदान 240 मिलिलिटर पाणी हवंच. कोंजॅकच्या कंदातल्या ग्लुकोमॅनन या फुगणाऱ्या तंतूचंही तेच. युरोपात त्याने वजन कमी व्हायला मदत होते हा दावा मान्य आहे, पण दिवसाला 3 ग्रॅम, तीन वेळा विभागून, दर वेळी एक-दोन ग्लास पाण्यासोबत आणि कमी उष्मांकाच्या आहारासोबतच. फुगणाऱ्या अशा पदार्थांच्या पाकिटांवर 'पुरेसं पाणी न घेतल्यास घसा किंवा अन्ननलिका बंद होऊ शकते, गिळायला त्रास असेल तर घेऊ नका' हा इशारा अमेरिकेने 1993 मध्येच सक्तीचा केला. सुटं घेणाऱ्याला तो वाचायला मिळतच नाही.

गिळायला त्रास. इथेच माझं मन अडकतं. लगदा काढल्यावर खाली, जठराच्या तोंडाशी, अन्ननलिकेत एक अरुंद कडं दिसलं. ते जुनं होतं. सरांनी बायॉप्सी घेतली आणि फुग्याने ते रुंद करण्यासाठी पुढची तारीख दिली. बाई म्हणाल्या, चार महिन्यांत नऊ किलो उतरले, सगळे कौतुक करत होते. भूक खरंच मेली होती का, विचारलं. थोडं थांबून म्हणाल्या, "घास अडकायचा हो. मग नकोच वाटायचं जेवण."

म्हणजे ज्याला त्या उपायाचा गुण समजत होत्या, तो आजार होता. नऊ किलो कशाने गेले, हे आता कोण सांगणार?

मी जुनी फाईल काढली. दोन महिन्यांपूर्वी छातीत जळजळ होते म्हणून त्या ओपीडीत आल्या होत्या आणि त्यांचा फॉर्म मीच भरला होता. 'नियमित औषधे: नाहीत.' 'गिळताना त्रास: नाही.' अक्षर माझंच. पहिलं उत्तर त्यांनी खरंच दिलं असणार, इसबगोलाला औषध कोण म्हणतं? दुसरं मात्र मला आठवतंय. "कोरडा घास जरा हळू जातो," म्हणाल्या होत्या. बाहेर अठरा पेशंट बसले होते, मी 'नाही'वर खूण केली.

छापील फॉर्म बदलायला अर्ज दिलाय, उत्तर नाही. तोवर औषधांच्या ओळीखाली मी पेनाने लिहिते, 'वजनासाठी, भुकेसाठी घरी काही घेता का? कसं घेता?'

डिस्चार्जच्या वेळी बाईंनी विचारलं, "सिस्टर, हे कडं रुंद केल्यावर माझं वजन परत वाढेल ना?"

मी म्हटलं, "ताई, वाढेल बहुतेक."