अपेंडिक्स न काढता बरं होता येतं का? येतं, पण...

आधीच सांगते, ‘ऑपरेशनशिवाय अपेंडिक्स’ असं सर्च करून जे इथे पोचतात त्यातल्या बऱ्याच जणांना काढा, रस, पोटावर शेक असलं काहीतरी हवं असतं. तसलं इथे काहीच मिळणार नाही. सुजलेलं अपेंडिक्स घरच्या घरी बरं करायचा कुठलाही उपाय नाही, आणि पोट साफ होईल म्हणून जुलाबाचं औषध किंवा एनिमा घेणं तर चक्क धोक्याचं आहे. मी ज्याबद्दल लिहितेय ती ट्रीटमेंट म्हणजे अँटिबायोटिक्स, ती पण तपासण्या करून, सर्जनच्या नजरेखाली आणि ‘बिघडलं तर लगेच ऑपरेशन’ ही तयारी ठेवून. डॉक्टर लोक याला कंझर्व्हेटिव्ह ट्रीटमेंट म्हणतात.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी सर्जनने दोन्ही पर्याय समोर ठेवले आणि आम्ही अँटिबायोटिक्सवाला घेतला. मी डॉक्टर नाही. पण त्या काळात मी इतकं वाचलं आणि राऊंडला आलेल्या प्रत्येकाला इतके प्रश्न विचारले की भाऊ शेवटी म्हणाला, ताई, तूच परीक्षेला बस आता. तर ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

दुखणं कसं सुरू होतं ते बहुतेकांना अर्धवटच माहीत असतं. सगळे म्हणतात उजवीकडे खाली दुखतं, पण सुरुवातीला बरेचदा बेंबीच्या आसपास मोघम दुखतं, नीट बोट ठेवून सांगता येत नाही, गॅस झाल्यासारखं वाटतं, जेवायची इच्छा जाते, मळमळतं, एखादी उलटी होते, आणि मग काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ते दुखणं सरकत उजव्या बाजूला खाली येऊन बसतं. बारीक ताप असतो. चालताना, खोकताना, गाडीला दणका बसला की कळ येते. भावाला तपासताना डॉक्टरांनी आधी पोटाला हात न लावता नुसतं ‘जरा खोका’ सांगितलं, त्याचा हात आपोआप तिथेच गेला. मग पोट हळूच दाबून हात पटकन सोडला, तर दाबताना झालं त्याच्यापेक्षा सोडताना जास्त कळवळला. बेंबी आणि उजव्या कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक यांना जोडणारी रेघ धरली तर हाडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर सगळ्यात जास्त दुखतं तो पॉइंट येतो, मॅकबर्नी नावाच्या अमेरिकन सर्जनने 1889 मध्ये तो सांगितला आणि अजूनही सगळे तिथेच दाबून बघतात.

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. खूप दुखत होतं आणि एकदम थांबलं, हायसं वाटलं, आणि नंतर थोड्या वेळाने पूर्ण पोटच दुखायला लागलं, कडक झालं, ताप चढला, तर ते बरं होणं नाही, अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. अशा वेळी बसून राहायचं नाही, इमर्जन्सी गाठायची. आणि ‘पेनकिलर घेतली तर डॉक्टरांना निदान करता येणार नाही’ ही जुनी भीती आता मागे पडलीय, हॉस्पिटलमध्ये दुखण्यावर इंजेक्शन देतात, त्याने निदान अडत नाही.

आता मुख्य मुद्दा, अँटिबायोटिक्सवर कोणाला ठेवता येतं. सगळ्यांना नाही! रक्ताची तपासणी होते, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरात सूज किती आहे ते सांगणारी तपासणी) बघतात, सोनोग्राफी होते, आणि शंका असेल तर सीटी स्कॅन. आम्हाला आधी सीटी म्हणजे उगाच वाढवलेली तपासणी वाटली होती, पण या निर्णयात खरं वजन तिचंच असतं. अपेंडिक्स फुगलंय का (6 मिलिमीटरच्या वर जाडी गेली की संशय घेतात), फुटलंय का, आजूबाजूला पू साठलाय का, आणि आत खडा आहे का, हे त्यात दिसतं. खडा म्हणजे कडक झालेला मळ, रिपोर्टमध्ये फिकॅलिथ किंवा अपेंडिकोलिथ असं लिहिलेलं असतं. रिपोर्ट हातात आला की आधी हा शब्द शोधा, खरंच. खडा असेल तर औषधांनी न भागण्याची शक्यता बरीच वाढते आणि कॉम्प्लिकेशन्स पण जास्त होतात, त्यामुळे बरेच सर्जन सरळ ऑपरेशनच सुचवतात. अपेंडिक्स फुटून पोटात पसरलं असेल तर हा पर्यायच उरत नाही. भोवती पू साठून गाठ झाली असेल तर तो वेगळाच हिशोब, तिथे कधीकधी आधी सुई घालून पू काढतात, अँटिबायोटिक्स देतात आणि अपेंडिक्सचं नंतर बघतात. प्रेग्नन्सीमध्ये, किंवा इम्युनिटी कमी करणारी औषधं चालू असतील तर सहसा ऑपरेशनकडेच कल असतो.

अँटिबायोटिक्सवर अपेंडिक्स बरं करायची कल्पना नवी आहे असं मला वाटायचं. तर 1950 च्या दशकात इंग्लंडमध्ये कोल्ड्री नावाच्या सर्जनने शेकडो पेशंटना असं ठेवून बघितलं होतं, पण तेव्हा सीटी नव्हतं, कोणाचं साधं आणि कोणाचं फुटलेलं हे आधी कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे ऑपरेशन हाच नियम राहिला. आणि औषधं फेल गेली तर काय, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे लिओनिड रोगोझोव्ह, अंटार्क्टिकातल्या सोव्हिएत तळावरचा डॉक्टर. एप्रिल 1961 मध्ये त्याचं स्वतःचं अपेंडिक्स सुजलं, आधी त्याने अँटिबायोटिक्सच घेऊन बघितली, उपयोग झाला नाही, तळावर दुसरा डॉक्टर नाही, बाहेर पडायला विमान नाही, तर त्याने पोटाचा फक्त तेवढा भाग बधिर करून स्वतःचं पोट स्वतः उघडलं आणि अपेंडिक्स काढलं. वाचला, आणि दोनेक आठवड्यात कामावर पण हजर. हे भावाला हॉस्पिटलमध्येच ऐकवलं, त्याला अजिबात आवडलं नाही.

आकडे. हे नीट वाचा कारण सगळा निर्णय यावर आहे. फिनलंडमध्ये अपॅक नावाची ट्रायल झाली, 18 ते 60 वयाचे 530 पेशंट, सगळ्यांचं सीटीवर साधं अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सची सूज (फुटलेलं नाही, खडा नाही), अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना अँटिबायोटिक्स. अँटिबायोटिक्सवाल्यांपैकी पहिल्या वर्षात साधारण 27 टक्के लोकांचं अपेंडिक्स शेवटी काढावंच लागलं, पाच वर्षांत तो आकडा 39 टक्क्यांवर गेला. नंतर अमेरिकेत कोडा ट्रायल झाली, 1552 पेशंट, आणि त्यात खडा असलेले लोक पण घेतले होते. तिथे 90 दिवसांत 29 टक्क्यांचं ऑपरेशन झालं, खडा असलेल्यांमध्ये 41 टक्के आणि नसलेल्यांमध्ये 25. पुढे एका वर्षाला हा आकडा 40 टक्क्यांच्या आसपास पोचला आणि तीन-चार वर्षांनी निम्म्याच्या जवळ.

म्हणजे बघा, पेला अर्धा भरलेला की अर्धा रिकामा, हे तुम्ही कसं बघता त्यावर आहे. निम्म्याहून थोडे जास्त लोक पोटाला सुरी न लावता सुटले, आणि बाकीच्यांचं ऑपरेशन टळलं नाही, पुढे गेलं. माझं मत विचाराल तर, ज्याला ‘परत होईल का, परत होईल का’ ही धाकधूक सहन होत नाही त्याने सरळ दुर्बिणीतून काढून टाकावं, ते सोपं आणि नेहमीचं ऑपरेशन आहे आणि एकदा काढलं की विषय संपला. ज्याला भूल, ऑपरेशन याची खरी अडचण आहे, किंवा आत्ता लगेच ऑपरेशन नकोच आहे, आणि रिपोर्टमध्ये खडा नाही, त्याने औषधांचा पर्याय जरूर विचारावा. आणि जिथून हॉस्पिटल लांब आहे अशा ठिकाणी महिनोन्महिने राहायचं असेल तर मी तरी अपेंडिक्स पोटात ठेवून जाणार नाही, रोगोझोव्ह आठवा.

ट्रीटमेंट स्वतः तशी बोअरिंग असते. सुरुवातीला उपाशी ठेवतात कारण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं, सलाईन चालू, शिरेतून अँटिबायोटिक्स, दर काही तासांनी कोणीतरी येऊन ताप, नाडी बघणार आणि पोट दाबणार. पहिले एक-दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. दुखणं उतरतंय, ताप जातोय, भूक लागतेय, तर गाडी बरोबर चाललीय. दुखणं वाढतंय, नाडी वाढतेय, ताप हटत नाही, तर ऑपरेशन, आणि तेव्हा ‘अजून एक दिवस थांबू या का’ म्हणून डॉक्टरांशी घासाघीस करू नका. काही ट्रायल्समध्ये तब्येत चांगली असलेल्यांना लवकर गोळ्यांवर घरी पण सोडलंय, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

घरी आल्यावर गोळ्यांचा कोर्स असतो, शिरेतली आणि तोंडाने घ्यायची औषधं मिळून बहुतेक वेळा सात ते दहा दिवस. आणि इथेच लोक घोळ घालतात, कारण दुखायचं तर केव्हाच थांबलेलं असतं. भावाचं ‘ताई, आता काही होत नाही गं, कशाला उगाच गोळ्या’ सुरू झालंच होतं. कोर्स पूर्ण करायचा, वाद नको. मेट्रोनिडॅझोल बरेचदा असतं त्यात, त्याने तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव राहते, जेवण बेचव लागतं, कोर्स संपला की जाते. दारू या काळात नको आणि कोर्सनंतरही दोन-तीन दिवस नको असंच सांगतात. सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं असेल तर ती गोळी दूध, दही, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडबरोबर घेऊ नका, औषध नीट शोषलंच जात नाही, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा. आणि त्या गटातल्या गोळ्यांवर असताना टाचेच्या मागची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारा जाड पट्टा) दुखायला लागली तर अंगावर न काढता डॉक्टरांना फोन करायचा. पोट थोडं सैल होणं अँटिबायोटिक्समुळे होतंच, पण पाण्यासारखे जुलाब, रक्त, पोटात कळा, हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी जरी सुरू झालं तरी दाखवायचं, जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

खाण्याचं लोक फार विचारतात. खास ‘अपेंडिक्सचं पथ्य’ असं काही नाही. भूक लागेल तसं आधी पातळ, मग मऊ, कमी तेलाचं, थोडं थोडं, पाणी भरपूर, आणि दोन-तीन दिवसांत नेहमीच्या जेवणावर. फळांच्या बिया गिळल्याने परत सूज येईल म्हणून आमच्या घरी बियांवर बंदी आली होती, बिचाऱ्या बियांचा तसा काही दोष नसतो. बद्धकोष्ठ होऊ न देणं चांगलंच, फायबर खा, पण त्याने दुसरा अ‍ॅटॅक नक्की टळतो अशी गॅरंटी कोणी देऊ नये.

चालणं-फिरणं लगेच सुरू करा. ऑपरेशन झालेल्यांना टाके असतात, वजन उचलू नका वगैरे सांगतात, इथे टाकेच नाहीत त्यामुळे दुखणं आणि ताप गेला आणि अंगात ताकद वाटली की हळूहळू सगळं करता येतं. कोडा ट्रायलमध्ये अँटिबायोटिक्सवाल्यांची कामाची सुट्टी सरासरी 5 दिवसांच्या आसपास होती आणि ऑपरेशनवाल्यांची 9 च्या जवळ. थकवा मात्र येतो, त्याला घाबरायचं नाही, दुपारी झोपा.

वय 40 च्या पुढे असेल तर एक जास्तीची गोष्ट, विशेषतः पू किंवा गाठ झाली होती आणि औषधांवर बरं झालं असेल तर. नंतर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि परत एकदा स्कॅन करायला सांगतात, कारण क्वचित त्या सुजेमागे ट्युमर लपलेला असतो. अपेंडिक्स काढलं की ते पॅथॉलॉजीला तपासायला जातं, न काढता ठेवलं की ती तपासणी होतच नाही, हे लक्षात घेऊनच हा फॉलोअप असतो. बरं वाटतंय म्हणून तो टाळू नका.

आणि परत दुखलं तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, त्या रात्री घरात चर्चासत्र नको. आमचं ठरलंय, परत झालं तर ऑपरेशन. सीटीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि कोणती अँटिबायोटिक्स दिली होती त्याचे फोटो भावाच्या आणि वहिनीच्या, दोघांच्याही फोनमध्ये आहेत, आणि पोटदुखीसाठी कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेला तर पहिलं वाक्य हेच सांगायचं की अपेंडिसायटिस होऊन गेलंय आणि अपेंडिक्स काढलेलं नाही.