बोगदा हवाच, पण त्याचं तोंड कुठे?

मी ठाण्यात मानपाड्याला राहते आणि नोकरी बोरिवलीला, त्यामुळे ठाणे-बोरिवली बोगदा मला मनापासून हवा आहे. मध्ये डोंगर आडवा, म्हणून आम्ही घोडबंदर रोडने वळसा घालतो. गायमुख घाटात एक कंटेनर बंद पडला की सकाळ गेली. पहिल्या गिअरमध्ये घुरघुरणारी इंजिनं, जळक्या क्लचचा वास, आणि बसमध्ये प्रत्येकजण ऑफिसला फोन लावून तेच सांगतोय, 'घाटात अडकलोय.'

एकूण मार्ग साधारण 11.8 किलोमीटर, त्यातले दहाएक किलोमीटर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून. जुलै 2024 मध्ये भूमिपूजन झालं. बोगद्याचं एक टोक तिकडे बोरिवलीत मागाठाण्याला, दुसरं इकडे ठाण्यात टिकुजिनीवाडीच्या परिसरात.

वाद आहे तो इकडच्या टोकाचा. मुल्लाबागेतल्या लोकांनी आधीपासूनच विरोध केलाय आणि आमच्याही सोसायटीत दोन तट पडलेत. गेल्या बैठकीत कॅरमच्या टेबलावर नकाशाची झेरॉक्स पसरली होती. तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा सरसावून बोट ठेवलं ते शाळेच्या बस उभ्या राहतात त्या कोपऱ्यावर. "इथूनच ना गं जाणार सगळ्या गाड्या?" त्यांना दमा आहे. बोगद्यातला धूर कुठेतरी बाहेर पडणारच, आणि काम चालेल तोवर दगड-माती भरलेले डंपरही याच रस्त्याने जाणार. आजींची भीती फाजील नाही.

तेवढ्यात एक काका म्हणाले, बोगद्याची भानगडच नको, येऊरवरून घाटरस्ता काढा, स्वस्तात होईल. मला राहवलं नाही. "काका, येऊर म्हणजे मोकळं माळरान नाही. तो उद्यानाचाच भाग आहे. तिथे वारल्यांचे पाडे आहेत, बिबटे आहेत. दिवसरात्र गाड्या धावणारा रस्ता वरून नेलात तर जंगलाचे दोन तुकडे होतील." ते चिडले. "म्हणजे बिबट्याला जपायचं आणि आम्ही धूर खायचा?"

हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण त्याचं उत्तर डोंगर फोडण्यात नाही. बोगदा खालूनच जावा, फक्त बाहेर पडताना वस्तीपासून शक्य तितका लांब निघावा, आणि गाड्या सोसायट्यांच्या आतल्या रस्त्यांवर न येता थेट मोठ्या रस्त्याला लागाव्यात. खर्च वाढेल, वाढू दे. एवढा डोंगर कोरायची तयारी आहे तर शेवटच्या काही शे मीटरांत काटकसर कशाला?

सकाळी नऊच्या गर्दीत किती गाड्या बाहेर पडतील, त्या नेमक्या कुठे मिसळतील आणि धूर कुठून सोडणार, हे तिन्ही प्रश्न आम्ही पत्रात मांडलेत. उत्तर लेखीच हवंय. रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये सह्या घेतोय. माझ्यासारखे रोज घाटात अडकणारे, ज्यांना बोगदा हवाय, त्यांनी तर नक्की या. विरोधकांच्याच सह्या असल्या की पत्र बाजूला टाकायला सोपं जातं.