गज दोन इंच अलीकडेच थांबला

सावंतवाडीच्या घरी माजघरात आजोबांची ठासणीची बंदूक टांगलेली असायची. डुकरं शेतात शिरतात म्हणून परवान्यावर घेतलेली. ती उतरवली की आजोबा आधी नळीत गज, म्हणजे दारू ठासायची लांब काठी, टाकत, तोंडापाशी बोटाने खूण धरत आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघत. कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या भोकापर्यंत पोचला तर रिकामी. "रिकामी आसा म्हणान कोणी सांगल्यान, तरी गज टाकूचो."

आता मी पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरजवळच्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते. गेल्या हिवाळ्यात सत्तरीचे एक गृहस्थ गोधडीत गुंडाळलेली पाच फुटी रायफल घेऊन आले. नळीवर कोरलेलं नाव बघून माझे हात जरा थरथरलेच. जे. डिकर्ट.

जेकब डिकर्ट १७४० मध्ये जर्मनीत माइन्झला जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर इकडे आला आणि लँकेस्टरचा नावाजलेला बंदूककार झाला. १७९२ मध्ये अमेरिकन सैन्यासाठी रायफली बनवणाऱ्यांत तोही होता. जर्मन कारागिरांनी येताना जी शिकारी बंदूक आणली ती आखूड नळीची, जाड गोळीची. इथे तिची नळी चाळीस इंचांच्या पुढे गेली, भोक बारीक झालं. शिसं आणि दारू दोन्ही कमी लागायची. दस्ता नागमोडी रेषांच्या मॅपलचा, त्यात गोळीभोवती गुंडाळायच्या तेलकट चिंध्या ठेवायला पितळी झाकणाचा कप्पा. चाप-घोड्याचा संच मात्र बऱ्याचदा इंग्लंडहून आलेला तयार माल. 'सगळं डिकर्टच्या हातचं' हे तेव्हाही क्वचितच खरं असे.

ठिणगी पाडणारी चकमक, रंजकाची म्हणजे बत्तीच्या दारूची वाटी, सगळं जागेवर होतं. मी नोंदवहीत 'मूळ चकमकीची' असं लिहूनही टाकलं. घाई केली.

गृहस्थ म्हणाले, दोनशे वर्षांत हिला कोणी हात लावलेला नाही. मी सवयीने लाकडी गज टाकला, खूण केली, बाहेरून लावला. कानाच्या दोन इंच अलीकडेच थांबला.

पुन्हा टाकला. तेच.

बंदूक भरलेली होती आणि सकाळपासून मी तिच्या तोंडासमोर वाकून कोरीवकाम बघत होते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. खोली रिकामी केली, जवळच्या परवानाधारक बंदूकदुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कानातून पाणी सोडून दारू भिजवली, गजाच्या टोकाला स्क्रू लावला आणि अर्ध्या तासाने गोळी उपसली. गोळीभोवती चिंधी होती: पांढऱ्यावर निळे पट्टे, गादीच्या खोळीचं कापड. आजचे हौशी नेमबाज हेच वापरतात.

मग नळी सुकवून आत बारीक कॅमेरा सोडला. कानाभोवती गोल कडा स्पष्ट दिसली. म्हणजे १८२०-३० नंतर कधीतरी कुणी कान रुंद करून तांब्याच्या टोपीवर, आपल्या दिवाळीतल्या टिकलीसारख्या, चालणारी बंदूक केली होती. पुढे विसाव्या शतकात कुणीतरी बूच मारून, नवा कान पाडून, नवा घोडा बसवून तिला पुन्हा 'चकमकीची' केलं. जुनी दिसली की भाव जास्त. वहीतली ओळ मी खोडली.

गृहस्थ चिंधीकडे बघत राहिले. मग म्हणाले, लहानपणी वडील एकदा ही नेमबाजीला घेऊन गेले होते. उडालीच नाही. लोक हसले. वडिलांनी घरी येऊन माळ्यावर टाकली, परत कधी काढली नाही.

"म्हणजे मी साठ वर्षं भरलेल्या बंदुकीखाली झोपलो?"

मी हो म्हटलं. त्यांनी गोळी मागून घेतली. चिंधी मात्र पाकिटात घालून नोंदीला जोडली आहे.