तार तुटायची, ती ग्रिपमध्येच

एम.टेक.च्या प्रोजेक्टला मी विषय घेतला होता गंजलेल्या केबलतारांच्या फटीगचा, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा कमीजास्त होऊन तार थकून तुटण्याचा. घरी तो फार समजवावा लागला नाही. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, त्यानंतर बाबा बेतीहून फेरीबोटीने पणजीला नोकरीला जायचे. त्या पुलाच्या काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक. मांडवीवरच्याच नव्या अटल सेतूवरून जाताना त्याच्या केबल्सकडे बघून "ह्या तरी उघड्यावर आहेत, दिसतात" म्हणाले. तारा आवरणाच्या आत असतात, बाबा, बाहेरून कसल्या दिसतायत!

माझी तार 5 मिमीची, जस्ताचा मुलामा दिलेली. एवढीशी तार, पण तुटायला साधारण साडेतीन टन लागतात. मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवली की आधी पांढरी भुकटी येते, म्हणजे जस्त खाल्लं जातंय. लालसर डाग दिसला की पोलादाची पाळी.

पहिली चूक तिथेच केली. गंज काढायला तारा आम्लात बुडवल्या आणि त्याच फटीगला लावल्या. सरांनी रीडिंगं बघितली आणि वही मिटली. आम्लामुळे पोलादात हायड्रोजन शिरतो, तार ठिसूळ होते. मग ती गंजाने तुटली की माझ्या हातून, कसं सांगणार? दीड महिना गेला. नंतर शेजारचा तुकडा आम्लात बुडवून वजनातली घट, म्हणजे गंजाने किती धातू खाल्ला, ती मोजायची आणि फटीगचा तुकडा नुसत्या नायलॉनच्या ब्रशने साफ करायचा, असं ठरलं.

दुसरा घोळ ग्रिपचा, म्हणजे मशीनमध्ये तारेची टोकं धरणाऱ्या पकडीचा. ताण 1.2 ते 1.6 टनांच्या मध्ये खालीवर, सेकंदाला दहा वेळा. तार तुटायची, पण ग्रिपच्या दातांनी जिथे चावलंय तिथेच. चार तारा अशाच गेल्यावर मशीनवरचे काका म्हणाले, "गो बाय, तार वाईट नाही, धरायची रीत वाईट." त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळीचे तुकडे कापले, तारेची दोन्ही टोकं त्यात घालून इपॉक्सी भरली. दुसऱ्या दिवशी तार मधोमध तुटली. मी आनंदाने ओरडले, शेजारच्या लॅबमधली पोरं धावत आली.

ताणाच्या अशा 20 लाख खालीवर फेऱ्यांना, म्हणजे आवर्तनांना, सव्वादोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात एवढा वेळ सलग वीज मिळणं म्हणजे नशीबच. 14 लाखांवर एकदा रात्री गेली, परत येताना तारेला झटका बसला, रीडिंग बाद.

वजनातली घट जवळपास सारखी असलेल्या दोन तारांपैकी एक 20 लाख काढून शाबूत, दुसरी तीन लाखांतच गेली. तुटलेलं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं: कडेला गंजाचा अरुंद, खोल खड्डा, त्याच्याभोवती नखाएवढा दिसणारा गुळगुळीत अर्धचंद्र, बाकी सगळं खडबडीत. चीर त्या खड्ड्यापासून सरकत गेली होती, उरलेलं एका दमात फाटलं. टिकलेल्या तारेवरचा गंज पसरट, उथळ. वजनकाट्याला हा फरक कळतच नाही, आणि मी चार महिने त्याच काट्यावर विसंबून होते.

अजून सहा तारा उरल्यात. सिलिका जेलच्या डब्यात ठेवल्यात, चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की लावणार.